वळायचं नाव न घेणारी जीप

…आता वळायची जागा आली, स्टेअरिंग मी पुरं फिरवलं, पुढची चाकं बी वळली, आन् गाडी? गाडी सरळ! तुमाला सांगतो, गाय वळंल, म्हस वळंल, रुसून माहेरी गेलेली बायको बी चार दिवसांनी घराकडं वळंल, पन मपली जीप वळायची न्हाई म्हंजी न्हाई! हसायलाव तुमी. हसा. स्टेअरिंग तुमच्या हातात थोडंच हाय?

आन् हे सगळं कुनामुळं? राजशेखरमुळं!

राजशेखर म्हंजी मपला चुलतभाऊ. मपल्यापेक्षा धाकटा, बोलायला गोड, डोक्यावरचे केस तमाम शाबूत. जळतो मी त्याच्यावर. त्यात लपवायचं काय? त्याचं सोयाबीन चांगलं आलं की मपल्या पोटात दुखतंय, त्याच्या म्हशीनं दूध जास्ती दिलं की मला च्या गोड लागत न्हाई. आन् वाईट ह्येचं वाटतंय की मानूस चांगला हाय हो! वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. तो समोर आला की वाकून म्हनतोय, "शरणार्थ, दादा!" आता ह्येला शिवी कुठून द्यावी?

तर बगा, आमचं गाव पेडगावच्या आतल्या अंगाला. डांबरी रोड सुटला की गावापर्यंत काळी माती. श्रावणात आमच्या मठाचे महाराज गावात येतेत. रीत अशी, की महाराज गाडीतनं उतरून पयलं पाऊल ज्या दारात टेकवतील, पयली पाद्यपूजा त्या घरची. म्हंजी ज्याची गाडी त्येचं दार! आन् गाडी कुनाची? मपली! वर्षानुवर्षं मपलीच. महादेवी, म्हंजी मपली बायको, उंबऱ्यात ताट घेऊन हुबी, तमाम गल्ली बगायली, आन् मी जीपमधून असा उतरायचो, असा… जाऊ द्या. गेलं ते.

गेल्या साली काय झालं, महाराज पुढच्या सीटवर, आन् गाडी चिखलात बसली. एक चाक गरगर फिरायलंय, दुसरं ढिम्म! चिखल उडून महाराजांच्या भस्मावर! मागून राजशेखरची जीप आली. तो उतरला, महाराजांना हात दिला, आपल्या गाडीत बसवलं, आन् त्याची गाडी त्याच चिखलातनं अशी गेली जशी लोन्यातनं सुरी. पाद्यपूजा राजशेखरच्या दारात! आन् मी? मी घोट्याइतक्या चिखलात हुबा, हातात एक चप्पल. दुसरी आजून सापडली न्हाई.

मागून कळलं, ह्येनं गाडीला लॉकर बसवलंय. लॉकर म्हंजी कपाट न्हाई हो! मागच्या दोन चाकांच्या मधी लोखंडी गोळा अस्तोय, डिफरेन्शियल. साध्या गाडीत एक चाक चिखलात फिरत बसलं की दुसरं आराम करतंय. लॉकर टाकलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली, एक फिरलं की दुसऱ्यानं फिरलंच पायजे. म्हन्लं बसवायचंच! बायको म्हन्ली, "आवं, राजशेखर भावजींना इचारा की, कोनतं बसवलं, कसं चालवायचं."

मी इचारनार? राजशेखरला? जीव गेला तरी न्हाई!

गेलो परभनीला. तिथला मिस्त्री लय बोलका. म्हन्ला, "अजी शिवकांतभाई, फिकर नक्को करो! गाडी सीधी जाएंगी, एकदम सीधी!" आता सरळ जाईल म्हनल्यावर मानसानं खूश व्हावं का न्हाई? वळती का, हे कुनी इचारतंय का हो गाडीचं? मी बी न्हाई इचारलं. बसवून घेतलं आन् निघालो.

पयल्याच वळनावर मागून आवाज. कट्… कट्… कटाक्! मला वाटलं मागं कुनी सुपारी फोडायलंय. वळून बगितलं, कुनीच न्हाई! पुढं गेलो, एक्सलेटर सोडला की गाडी एका अंगाला जाती, दाबला की दुसऱ्या अंगाला. वळताना टायर असं किंचाळतंय, घरोघरची मानसं बाहेर येऊन बगायलीत. ताडकळसच्या बाजारात तर इज्जतच गेली. मी वळवायलो डावीकडं, गाडी निघाली सरळ सुमनबाईच्या कांद्यात! बाई काय वरडली, "अवो मालक! रस्ता तिकडं हाय, कांद्यात कामून घालायलाव?" मी कांदे येचू लागलो, ती मोजू लागली, भवताली ही गर्दी! त्या गर्दीतला पेडगावकडचा एक म्हातारा म्हन्तोय, "पावनं, राजशेखररावाच्या गाडीला बी असलंच काय तरी हाय, पन ती झकास वळती. त्येला इचारा की!"

मी इचारनार? राजशेखरला?

मग मीच शिकलो. हळूहळू कळलं, वळनावर एक्सलेटर सोडला की चाकं मोकळी होतेत, गाडी गुमान वळती. पाय ठेवला की पुन्हा बांधली, आन् चालली सरळ. म्हंजी काय, वळताना पाय उचलायचा. एवढंच! घरात च्या पिताना बी मी उजवा पाय उचलून बसायलो. महादेवी म्हन्ली, "पायाला काय झालं?" म्हन्लं, "सराव करायलोय."

आला श्रावन. तुमाला काय वाटतंय, राजशेखर आडवा आला आसंल? न्हाई! सकाळीच दारात येऊन म्हन्तोय, "दादा, मान तुमचा हाय. यंदा तुमीच आना महाराजांना." बगा चांगुलपना! घासच उतरला न्हाई मला.

महाराज बसले. चिखल आला. गेल्या सालापेक्षा दांडगा. म्या गाडी घातली, आन् तुमाला सांगतो, दोन्ही चाकांनी असा जोर केला, असा जोर केला, की गाडी झर्रकन पार! महाराज म्हन्ले, "वा, शिवकांत!" कानात अमृत पडलं हो. ऊर असा भरून आला, मला गावच दिसंना.

आन् तिथंच घात झाला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता फुटतोय. डावीकडं वळलं की मपलं घर. न्हाई वळलं की समोर, नाकासमोर, राजशेखरचा ओटा. सिमेंटचा रस्ता, वरून भुरभुर पाऊस. डावीकडं महादेवी नवं लुगडं नेसून ताट घेऊन हुबी. तिला बगितलं, म्हन्लं जरा रुबाबात जावं… आन् पाय उचलायच्या ऐवजी दाबला हो मी! दाबला! स्टेअरिंग डावीकडं, मान डावीकडं, मी अख्खा डावीकडं, महाराज बी डावीकडं कलले, आन् गाडी घसरत घसरत सरळ! ओट्याच्या पायरीला बंपर लागला, ठप्प. महाराजांनी डोळे उघडले. समोर दार बगितलं. म्हन्ले, "महादेवाची इच्छा." आन् टेकवलं की हो पाऊल! मी "महाराज, थांबा, रिव्हर्स घेतो" म्हनेपर्यंत टेकवलं!

राजशेखरच्या घरात तयारी काहीच न्हाई. बिचारा घाबरला. मग काय, महादेवीनंच आपलं ताट उचललं आन् त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. पानी मपल्या घरचं, बेल मपल्या घरचा, गाडी मपली, डिझेल मपलं. पाय धुतले राजशेखरनं!

पूजा झाल्यावर तो मपल्याजवळ आला. डोळ्यांत पानी. हळूच म्हन्ला, "दादा, मपल्या लॉकरला बटन हाय. चिखलात दाबायचं, रोडला आलं की सोडायचं. तुमी एकदा इचारलं आसतं तर…"

मी आपला बंपरचा पोचा बगायलो.

तर वर हात जोडून म्हन्तोय, "पन लय उपकार झाले, दादा. पुढल्या साली बी महाराजांना तुमीच आना."

आता काय बोलायचं, सांगा? "आनतो," म्हन्लो, "दुसरं कुठं नेनार? गाडीला तुझंच घर तेवढं येतंय!"