नुसती फुंकर

त्वचेच्या डॉक्टरांकडे समोरच्या बाकावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी वडिलांकडे पाठ करून बसली होती. तिच्या अंगठ्यावर चामखीळ होती.

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, डॉक्टर नुसती फुंकर मारतात."

"तू घाबरू नयेस म्हणून म्हणालो, चिमणे."

"फुंकरीनं भाजतं का, बाबा?"

"अगं, थंड होतं ते. थंडानं कुठं भाजतं?"

"भाजतं," तिला न्यायला आलेल्या सिस्टर म्हणाल्या. "ती खोटं नाही बोलत."

"मग ते असतं तरी काय?"

"आपण श्वासात घेतो त्या हवेत सगळ्यात जास्त नायट्रोजन असतो. तो बर्फाहून कितीतरी थंड केला, की पाण्यासारखा पातळ होतो. त्याचा फवारा मारला, की चामखीळ गोठून मरते आणि तो परत हवेत उडून जातो."

"दुखेल?"

"दुखेल. दहा आकडे मोजेपर्यंत चांगलंच झोंबेल. मग संध्याकाळपर्यंत थोडं ठणकेल."

"बघा बाबा, एवढंच तर सांगायचं होतं."

"चुकलं माझं. चल, मी हात धरतो."

"नको. तुम्ही इथंच बसा. मी सिस्टरांचा हात धरीन."