सेवालालच्या झोळीची खिटी

नाई जी, अंगठा नाई. सही करतो मी. चौथी शिकली हाव, पेनात शाई तेवढी भरून ठेवा. अन् खाली नाई बसत, गुडघे धरतात. त्या बाकड्यावर बसतो. हं, लिहा आता.

नाव भागिरथाबाई बेवा देवमन खिल्लारे. बेवाच लिहा, विधवा नोको, बेवा आयकाले बरं लागते. वय अंदाजे पन्नास. जमादारसाहेब म्हनतात अंदाजे चालत नाई, तं बावन्न लिहा, दोन वर्स तुमच्यासाठी वाढवले. धंदा शेतमजुरी अन् अंबाडीचे दोर वळनं. राहनार आसेगाव, तालुका मंगरूळपीर, जिल्हा अकोला. आज दिनांक १८ फेब्रुवारी १९७६, बुधवार, सकाळी दहाच्या सुमारास ठान्यात सोताहून आली, कोनी बलावलं नाई.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी घरी एकटी राहतो. पोरगी रिसोडले देली. घरामागं नाल्याच्या काठी माहं दीड एकर वावर हाय. बांधावर कडूनिंबाचे दोन झाडं हायेत, एकमेकापासून सात-आठ हातावर. जे झालं ते त्याच दोन झाडाइच्या मधात झालं.

सेवालाल राठोड, वय पंचावन्न, राहनार आसेगावचा तांडा, याले मी ओळखतो. गावची भाकड ढोरं तो दरसाल होळीच्या आधी डोंगरात चराले नेते अन् पानी पडल्यावर वापस आनते. चार महिने. माह्या मालकाचा दोस्त होता. मालक जाऊन नऊ वर्स झाले. सेवालाल मले वयनी म्हनते. मी त्याले भाऊ म्हनतो, गावात. गावात हा शब्द लिहू नका. लिहला? बरं, राहू द्या.

मांगच्या साली डोंगरात त्याले जमिनीवर निजल्यानं दोनदा इच्चू चावला. म्हनून यंदा पौषात तो माह्याकडं आला अन् म्हने, "वयनी, लेकराइले बांधता तशी झोळी मले बांधून दे. दोन झाडाइच्या मधात टांगाची. पन वजन नोको. घोंगडं, पीठ, तवा, पान्याचा भोपळा, खांद्यावर आधीच लय होते." म्या म्हनलं, "दात पडाले आले अन् झोळी पाह्यजे? अंगाई बी म्हनू का?" तो म्हने, "आवाज आयकून सांगतो."

झोळीचं कापड माहं हाय. जुनं नऊवारी लुगडं, हिरवं, चौपदरी करून शिवलं. तांड्यातल्या बाया म्हनल्या, आता सेवालाल भागिरथाच्या लुगड्यात निजते. म्या म्हनलं, निजू द्या, लुगडं रिकामंच होतं.

दोराचं एवढं कायले लिहू, असं जमादारसाहेब विचारतात. लिहा. दोर कसा होता ते नाई समजलं, तं कोनं सोडला ते बी नाई समजनार.

पयले विहिरीचा चऱ्हाट लावून पायला. बैल टांगला तरी तुटनार नाई असा. शिखरचंद शेठच्या काट्यावर टाकला तं अडीच किलो भरला. सेवालालनं खांद्यावर घेतला अन् वाकला. म्या म्हनलं, यंदा ढोरंच तुले चराले नेतीन. चऱ्हाट विहिरीवर वापस नेऊन देला.

दुसरी सुतळी. हलकी होती. पन जवारीचं पोतं टांगलं तं घटकाभरात तटकन तुटली, अन् तुटाच्या आधी निंबाच्या सालीत शिरली. झाडाले वन पडला, जखमेसारखा. सेवालालनं त्या वनावर शेन लिंपलं, हातानं, हळूहळू. त्याचा सोभाव असा हाय. हे बी लिहा.

तिसरा नायलॉनचा. शेठच्या दुकानात नवाच आला होता. सारा दोर मुठीत मावे. पन तो अंगानं बैमान. ढोराच्या दाव्याले मारतो तीच गाठ आमी मारली. अंबाडीवर ती गाठ जितकी वढसान तितकी घट्ट बसते, नायलॉनवर सरकत जाते. आमाले आयुष्यभर तीच गाठ येते, दुसरी सुचली नाई. सेवालाल दुपारचा गुडघाभर वरतं निजला, अन् जागा झाला तवा बूड मातीले टेकलं होतं. त्याले समजलं बी नाई. मी समोर अंबाडी सोलत बसली होती, दोर हळूहळू उतरतांना पायत होती. काहून नाई उठवलं, असं विचारता? निजला होता ना.

चौथी रीत म्या काढली. झाडाले दोर गुंडाळाचाच नाई, नवार गुंडाळाची. खाटीची नवार, चार बोटं रुंद, तिनं साल दबत नाई. घरी देवमनची खाट होती, नऊ वर्सापासून भिंतीले उभी. तिची नवार सोडली. सोडतांना सेवालाल म्हने, "वयनी, इकत आनू." म्या म्हनलं, "जिची तिले इचार, ती हो म्हनते." नवारीच्या दोन तुकड्याइच्या टोकाले फासे शिवले. मंग अंबाडीचा दोर वळला, तीन पदरी, करंगळीएवढा, भिजवून, वढून, वाळवून, म्हंजे मांगून लांबत नाई. त्याच्या टोकाले बी फासा. दोराचा फासा नवारीच्या फाशातून काढाचा अन् त्यात खिटी आडवी घालाची. खिटी म्हंजे बाभळीची बोटाएवढी मेख. सेवालालनं चाकूनं तासली, गुळगुळीत केली, तेल पाजलं. गाठ एक बी नाई. दोन्ही बाजूचं मिळून वजन पाऊन किलो. मानूस वरतं निजला असला तरी एका हिसक्यात खिटी निंगते.

निंगते हे मले कसं ठाऊक, तं झोळीत पयले मी बसली होती. सेवालाल म्हने, "ज्याची अक्कल त्यानं आधी मरावं." मी बसल्यावर त्यानं खिटी वढली. तवा झोळी वीतभर वरतं होती. मी धपकन पडली. दोघं बी लय हासलो. इतकी मी कवा हासली होती, ते सांगता येत नाई.

काल मंगळवार, दिनांक १७. आज सकाळी सेवालाल ढोरं घेऊन निंगनार होता. काल दुपारी बाराले तो वावरात आला. डोंगरात खाली दगड असतात, झोळी उंच बांधा लागते, म्हनून कमरेइतकी उंच टांगून पायली. म्या भाकर अन् तिखट आनलं होतं. जेवला. म्हने, "वयनी, आता चार महिने तुह्या हातचं नाई." म्या म्हनलं, "बरं झालं, माही जवारी वाचन." मंग तो निजला. एकच्या सुमारास धप्प आवाज झाला. त्याच्याजवळ पयली मी पोचली. डावा हात अंगाखाली आला होता.

जवळ आनखी कोन होतं, असं विचारल्यावरून सांगतो की, नाल्याच्या पल्याड तांड्यातला अमरसिंग बकऱ्या चारत होता. तो जोरानं हासला. झोपेतला मानूस पडला तं कोनी बी हासते. दिवाळीच्या टायमाले त्याच्या बकऱ्या ढोराइच्या कुरनात शिरल्या होत्या, तवा त्याचं अन् सेवालालचं भांडन झालं होतं, हे खरं हाय. पन तो नाला वलांडून आलेला म्या पायला नाई.

सेवालालले बंडीत घालून मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं. डाक्टरनं पलास्तर घातलं, दीड महिना सांगतला. ढोरं घेऊन आज त्याच्या बदली गावातला ग्यानबा गेला. सेवालालजवळ तांड्यात करनारं कोनी नाई, म्हनून तो माह्या वसरीत हाय. उजव्या हातानं जेवते, पन भाकर कुस्करून द्या लागते.

सेवालालनं तुमाले सांगतलं, खिटी आपल्याआप निंगाली असन, माही कोनावर तक्रार नाई. जमादारसाहेब म्हनतात, आपल्याआप निंगाली असती तं तिथंच खाली सापडली असती. सारं वावर धुंडलं, खिटी नाई. म्हंजे कोनतरी वढली अन् नेली. म्हनून भांडनावरून अमरसिंगले काल सांजीपासून आत बसवलं. त्याची बायको हेमला भाईर पायरीवर हाय. लेकरू अंगावर पेते, पन सकाळपासून तिच्या पोटात अन्न नाई, तं लेकराले काय मिळन. मी येतांना भाकर आनली होती, घेत नाई म्हने, तुमचीच झोळी, तुमचंच भांडन. तिचं बी बराबर हाय.

घरून निंगतांना म्या सेवालालले इचारलं, "तू पायलं का कोन होतं?" तो म्हने, "डोळे लागले होते, वयनी." अन् तोंड भिंतीकडं फिरवलं. हासत होता का कन्हत होता, ते मले पाठीवरून समजलं नाई.

येथवर सांगतलेलं जमादारसाहेबानं मले मोठ्यानं वाचून दाखवलं. माह्याच शब्दात हाय, गावात तेवढं खोडलं नाई. आयकलं, बराबर हाय, आता सही करतो.

थांबा. पेन खाली ठेवू नका. आनखी लिहा.

खिटी माह्या पानाच्या चंचीत हाय. ही घ्या. काल म्याच वढली. अमरसिंगले आताच सोडा, तो नाल्याच्या पल्याडच होता. मस्करीत वढली असं लिहू नका, मस्करी नोती. झोळी कमरेइतकी हाय हे मले दिसत होतं. मले वाटलं, पाय मुरगळन, आठ-पंधरा दिवस थांबन. हात मोडन असं नोतं वाटलं. काल सकाळपासून दोनदा त्याच्यापाशी गेली होती. जाऊ नको, एवढंच म्हनाचं होतं. तोंडानं म्हनता नाई आलं मले.