अस्तरावरचा आकडा

शिंपी : अगं, आकडा आहे तो. नुसता आकडा.

बायको : दहा आकडी? काज-बटणं करून माझे डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. मापं दहा आकडी नसतात. बाईमाणसाच्या कोटाचं अस्तर, त्याच्या उलट्या बाजूला खडूनं फोन नंबर!

शिंपी : मग लावून बघ.

बायको : लावला. असा नंबरच नाही म्हणे. म्हणजे एखादा आकडा फिरवून लिहिलाय. तुम्ही काय कमी आहात!

शिंपी : वाच बरं.

बायको : अडतीस, सोळा, चोपन्न, बहात्तर, नव्वद.

शिंपी : शून्यापासून नऊपर्यंत सगळे आले, एकेकदाच. आता पहिले दोन घे, अडतीस. दोनानं भाग जातो. पहिले तीन, तीनशे एक्क्याऐंशी. तिनानं जातो. पहिल्या चारांना चारानं, असं थेट दहापर्यंत. सगळे आकडे एकेकदाच वापरून असा नंबर एकच होतो.

बायको : थापा. मोबाइल द्या इकडे. पहिले सात... भागिले सात.

(ती बराच वेळ बटणं दाबत राहते.)

बायको : गेला. आठानंही. नवानंही.

शिंपी : झालं समाधान? आण ते अस्तर.

बायको : थांबा. आता तर जास्तच संशय येतोय. साडेसतराचं निम्मं मला विचारता तुम्ही. हे कुणी शिकवलं?

शिंपी : पेपरात आलं होतं.

बायको : पेपर मी वाचते. तुम्ही त्यावर कापड बेतता.

शिंपी : बरं, गिऱ्हाइकानं सांगितलं. कागद नव्हता हाताशी, खडू होता. पुसायचं राहिलं.

बायको : दुकानात अशी कुणी आली नाही, मी इथंच बसलेली असते. म्हणजे तुम्ही गेलात तिच्याकडे. कोण ती?

शिंपी : शाळेत गणित शिकवते.

बायको : मास्तरीण! तरीच हल्ली दोरा आणायला जाता नि संध्याकाळ करता. लाज नाही वाटत या वयात?

शिंपी : हळू बोल गं.

बायको : का हळू? नाव सांगा तिचं.

शिंपी : ते नाव घरात काढायचं नाही, असं तूच बजावलंयस.

(ती हातातलं अस्तर मांडीवर ठेवते.)

शिंपी : ठरलेलं लग्न मोडून गेली, त्या दिवशी. मला नाही राहवलं. लेक आहे माझी. तुझ्याशी खोटं बोलतो, वाईट वाटतं. पण जाणं सोडणार नाही.

बायको : चारचौघांत मान खाली घालायला लावली तिनं मला.

शिंपी : लावली खरी.

बायको : माझं काही विचारलं?

शिंपी : म्हणाली, आईला सांगा हा आकडा. स्वतः भाग देऊन पाहिल्याशिवाय ती विश्वास ठेवायची नाही.

बायको : कोट आणा तो.

शिंपी : उसवू नकोस हं.

बायको : उसवावाच लागेल. मापं घेताना अंग चोरते ती, लहानपणापासून. खांद्यात तंग होईल तिला.