वाक्य त्याचं आहे

हॅलो? … हां आई, बोल. … घुमतोय ना आवाज? स्विमिंग पूलवर आहे मी. … मी कशाला पोहू, मी बाकावर बसलेय, चपला हातात घेऊन. पाण्यात तुझा जावई आहे. … सांगते, सगळं सांगते, पण आधी तू सांग, सासूबाईंचा फोन आला ना तुला? … वाटलंच. सकाळी सकाळी तुझा फोन म्हणजे… काय म्हणाल्या? … सासरे भरल्या ताटावरून उठले, बरं. … पाहुण्यांदेखत. अजून? … नाही, रागावत नाहीये. त्यांनी काय सांगितलं आणि काय गाळलं, तेवढं मला कळू दे.

… माफी? कुणाची? … नाही. … आई, नाही म्हटलं ना. मी माफी मागणार नाही.

… हो, हो… अगं ऐक ना. परदेशात राहून शिंगं फुटली म्हणायचंय ना तुला, म्हण. पण आधी काय झालं ते ऐक, मग म्हण.

काल आत्याबाई जेवायला आल्या होत्या, सासऱ्यांची बहीण. मोठे दीर, जाऊबाई, आम्ही, सगळे टेबलाभोवती. मी वाढत होते. तेवढ्यात सासऱ्यांनी जाहीर केलं की दुकानाची मागची खोली त्यांनी रिकामी करून घेतलीय. काचा घासायचं नवीन मशीन आणलंय. धाकट्यासाठी, म्हणजे याच्यासाठी. … हो, त्याला अजून धाकटाच म्हणतात, डोक्यावरचे केस पिकायला लागले तरी. … हो गं, चष्म्याचंच दुकान, तेच. पुढे काउंटरवर मोठे दीर, गिऱ्हाइकांशी गोड गोड बोलायला. मागे पडद्याआड हा, काचा घासायला. आम्ही परदेशी जायच्या आधी जसं होतं, अगदी तसंच. पडदासुद्धा नवा शिवून घेतलाय, आई. जाऊबाई मला कापड दाखवत होत्या, रंग आवडला का म्हणून.

… नाही, मला माहीत आहे ते प्रेमानेच करतात. प्रेमाने करतात म्हणूनच तर कुणी काही बोलत नाही. … हो. लहानपणी हा बोलताना अडतो म्हणून सासरे शाळेत गेले होते, बाईंना सांगायला, की माझ्या मुलाला वर्गात उभं करून वाचायला लावू नका. बाईंनी ऐकलं. मग त्याला कुणी काही विचारलंच नाही, कधीच. उत्तर येत असायचं आणि हा बाकावर बसून असायचा. हे मला त्यानेच सांगितलं, तिकडे गेल्यावर. इथे असताना तेही सांगितलं नव्हतं.

… हं. … हो, तूच म्हणाली होतीस लग्नाच्या वेळी, कमी बोलणारा नवरा म्हणजे नशीब काढलंस. तो कमी बोलणारा नाहीये गं. त्याच्या तोंडातले शब्द सगळे काढून घेतात.

तर ऐक. सासऱ्यांचं बोलून झालं, आणि हा म्हणाला, "बाबा, मी दु… दु…" आणि सासरे लगेच, हो हो, दुकानात सोमवारपासून ये, घाई नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. हा पुन्हा म्हणाला, "नाही, मी दु…" आणि मोठे दीर म्हणतात, दुपारी येऊ दे बाबा, सकाळी आराम करू दे त्याला. मग जाऊबाई उठल्या आणि विचारतात, दूध हवंय का भावजी?

… हसू नकोस. … हस, हस. मलाही आज सकाळी हसू आलं आठवून. काल नाही आलं. काल मी त्याच्याकडे बघत होते. त्याने तोंड मिटलं आणि ताटात बघायला लागला. आई, तो चेहरा मी किती वर्षांत बघितला नव्हता. आणि मला तो ओळखीचा वाटला, त्याचीच मला भीती वाटली.

मग मी हातातला डाव खाली ठेवला आणि म्हटलं, "त्याचं वाक्य त्याला संपवू द्या."

… एवढंच. … नाही, ओरडले नाही. सासूबाईंनी सांगितलं ओरडले? … नाही गं. आवाज चढवला नाही, एवढी अक्कल आहे मला. पण जेवणं थांबली. आत्याबाईंचा घास हातातच राहिला. आणि तो बोलेना. मला वाटलं, मी हे काय करून बसले. त्याला भर सभेत उभं केलं. पण मी मागे हटले नाही, कुणी बोलायला तोंड उघडलं की मी त्यांच्याकडे बघायचे. मोठ्या दिरांनी दोनदा उघडलं.

… काय म्हणाला? म्हणाला, "मी दुकानात येणार नाही. मी मुलांना पोहायला शिकवणार आहे. उद्या सकाळी तलावावर माझी चाचणी आहे."

… अडखळतच म्हणाला. अडखळत म्हटलं म्हणून खोटं होतं का?

… अगं, तेच तर करत होता तो तिकडे. … पहिल्यांदा तिथल्या तलावावर फरश्या धुवायचा, हो, ते तुला माहीत आहे. पुढचं आम्ही सांगितलं नाही, कारण तू लगेच सासूबाईंना सांगितलं असतंस. … सांगितलं असतंस. … बरं, राहू दे. हा फरश्या धूत असताना एक शिक्षक आजारी पडला आणि याने मुलांना काठावर सांभाळलं. मग परीक्षा दिली. सर्टिफिकेट आहे. मग तेच काम केलं, आम्ही परत येईपर्यंत.

… भाषेचं काय? तीच तर गंमत आहे. तिकडच्या भाषेत मीही अडखळायचे ना. दुकानात जाऊन झाडू हवा असेल तर मला शब्द सापडायचा नाही, मी हात हलवून झाडून दाखवायचे. लोक थांबायचे. माझ्यासाठी थांबायचे तसे त्याच्यासाठीही थांबायचे. सगळेच परके, सगळेच अडखळणारे, याच्याकडे वेगळं बघायला कुणाला सवड होती? आणि हळूहळू तो बोलायला लागला. तुला खरं वाटणार नाही, रस्त्यात उभा राहून शेजाऱ्याशी गप्पा मारायचा, मी भाजीची पिशवी घेऊन ताटकळत. कधी कधी वैताग यायचा मला.

… परत सासूबाईंच्या ऑपरेशनसाठीच आलो. दोघांनी मिळून ठरवून आलो. त्यांच्या गुडघ्याचं झालं ना ऑपरेशन, त्यांना धरून चालवायला माणूस हवा, ते मी करते. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर चालवते त्यांना. यापुढेही चालवीन. काल एवढं झालं तरी आज सकाळी चालवून आले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, मीही नाही. पण हात माझाच धरला होता.

… हां, हे बरोबर विचारलंस. सासरे काय म्हणाले. ते चिडले नाहीत, आई. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले, अगदी मायेने, आणि म्हणाले, "अरे बाळा, शिकवायला बोलावं लागतं."

… हो ना. … हो. कसं वाटलं असेल त्याला.

मी बोलणारच होते. तेवढ्यात तोच म्हणाला, "बोलतो मी, बाबा. तुम्ही ऐकत नाही." एका दमात. कुठेही न अडता. मग सासरे उठले. हात धुतले आणि आतल्या खोलीत गेले. झालं, एवढंच झालं. याला कुणी अपमान म्हणत असेल तर म्हणू दे.

… तेच सासूबाई काल म्हणाल्या. की आम्ही इतकी वर्षं त्याला झाकत आलो आणि तू त्याला उघडं पाडलंस. खोटं नाही बोलणार, ते लागलं मला. मनात कुठेतरी वाटलंही, असेल खरं. वर खोलीत गेल्यावर त्याला विचारलं, चुकलं का माझं? त्याने वेळ घेतला. म्हणाला, बरं केलंस. मग म्हणाला, पण पुढच्या वेळी मीच सांगेन, तू नाही सांगायचंस. … हो, मलाही सुनावलं. सुनावू दे. चांगलं आहे.

… तू? त्याचं वाक्य तोडण्यात तू सगळ्यात पुढे. … करतेस. फोनवर तो "आई, आ…" म्हणाला की तू म्हणतेस, आशीर्वाद आहे रे बाबा. तो बिचारा आवाज येत नाही म्हणून सांगत असतो.

… नाही गं, वाईट नको वाटून घेऊस. सगळेच करतात. मीही करायचे, पहिल्या पहिल्यांदा. … हं.

थांब, थांब जरा… … काही नाही, इथे एक गोष्ट चाललीय. अगं, आज चाचणीच आहे ना, मॅनेजर पलीकडे उभे आहेत शिट्टी गळ्यात घालून. मुलांचा एक वर्ग घेऊन दाखवायचा, मग ते ठरवणार. सगळी मुलं पाण्यात उतरलीत, दांडी धरून बुडबुडे काढतायत. एक मुलगी मात्र शिडीला चिकटून बसलीय. उतरतच नाही. तिची आई माझ्या मागेच आहे, आज पुन्हा रडणार म्हणतेय. याआधीच्या सरांनी तिला उचलून पाण्यात घातलं होतं म्हणे, तेव्हापासून शिडी सोडत नाही.

… हा? हा तिच्यासमोर उभा आहे. छातीभर पाण्यात. काही करत नाही, नुसता उभा आहे. … नाही, बोलावतही नाहीये. आता काहीतरी सांगतोय… अडलाय. … मागे कुणीतरी विचारतंय, हे सर बोलताना अडतात का. … मी काय सांगू? मी नाही वळून बघणार. अडतात. डोळे आहेत, कान आहेत, बघा.

… अजून अडलाय. ती मुलगी त्याच्या तोंडाकडे बघतेय. … हळू बोल, आई, थांब… … म्हणाला. श्वास सोड म्हणाला. तिने सोडला. … एक पाय खाली आला. … अगं दुसराही आला. शिडी अजून धरलीय, पण उतरली. पाण्यात आहे. … हो. … रडत नाहीये गं मी. क्लोरीन आहे इथे, डोळ्यांना झोंबतं.

… मॅनेजरांचं काही कळत नाही, चेहरा सरळ आहे त्यांचा. नाही घेतलं तर दुसरा तलाव बघू. दुसऱ्याने नाही घेतलं तर तिसरा. पडद्यामागे तो जाणार नाही, एवढं तू सासूबाईंना सांग. पुन्हा फोन आला की सांग, माझी मुलगी ऐकत नाही. वाया गेलीय म्हण, माझी हरकत नाही.

… घर सोडणार? कुणी सांगितलं? अजिबात नाही. घर आमचंही आहे. तिथेच राहू, त्याच टेबलावर जेवू आणि त्याचं बोलून होईपर्यंत भाजी गार झाली तर गार खाऊ.

… आई. … आई, एक मिनिट. सासरे आलेत. … इथे, तलावावर. दारात उभे आहेत, बूट घालूनच. तो रखवालदार त्यांना बूट काढायला सांगतोय. … मला काय माहीत का आले. … नाही, फोन देणार नाही मी त्यांना. माझ्या वतीने तू माफी मागणार, ओळखते मी तुला. … नाही म्हणजे नाही.

… बूट काढले. इकडेच येतायत, एकेक पाऊल जपून, ओलं आहे सगळं. … त्याच्याकडे बघतायत. त्याने अजून बघितलं नाही यांना, मुलांशी बोलतोय… पुन्हा अडलाय… आणि यांनी तोंड उघडलं, आई, इथून, एवढ्या लांबून…

बाबा. या, इथे बसा. पण मध्ये बोलायचं नाही.

… नाही, तुला नाही म्हटलं, आई. … बरं, तुलाही. ठेवते.