हाफटाइमची बातमी

(चांदा, १९५५. कॉलेजच्या मैदानाकडेला नागपूरची मोटर थांबलेली. फुटबॉलचा हाफटाइम.)

रामाजी : आटपा गुणवंतभाऊ. मी कंडक्टर आहो, मोटरीचा मालक नाई. पाशिंजर बोंबलून राह्यले.

गुणवंतराव : अर्धा खेळ बाकी आहे, रामाजी. पेपराला निकाल काय कळवू?

रामाजी : अर्ध्याचंच लिहा.

गुणवंतराव : मागच्या महिन्यात तेच केलं. संपादकांनी बजावलं, यापुढे अर्धी किंवा चुकीची बातमी आली तर दुसरा माणूस ठेवू.

रामाजी : मंग रातच्याले तार ठोका.

गुणवंतराव : आज रविवार, तारघर कधीच बंद झालं. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले, म्हणून खेळही उशिरा सुरू झाला. हार त्यांच्या गळ्यात, फास माझ्या.

रामाजी : पन टीम तं तुमीच घडवली ना? तुमाले समजत नाई, काय होईन ते?

गुणवंतराव : समजतं. दोन गोल खाऊन बसलेत. दुसऱ्या अर्ध्यात यांचा दम सुटतो, नेहमीचंच आहे. हे घे पाकीट, नागपूरला पेपरच्या कचेरीत दे.

रामाजी : काय लिहिलं?

गुणवंतराव : हरले.

रामाजी : बरं. येतो मी.

लालसू : सर, मोटर गेली?

गुणवंतराव : गेली. तू कॅप्टन ना, लालसू? पोरांना सोडून इकडे काय करतोस?

लालसू : पोरं इचारून राह्यले, उद्या पेपरात आमचं नाव येते का?

गुणवंतराव : येतं.

लालसू : जितले म्हनून?

गुणवंतराव : हरले म्हणून. पाकीट मोटरीत गेलं, आता हाती लागत नाही.

लालसू : आमी तं अजून पुरं खेळलोच नाई, सर.

गुणवंतराव : हो रे.

लालसू : अन् जितलो तं?

गुणवंतराव : तर बातमी खोटी, आणि माझं कामही गेलं.

लालसू : आमाले जंगलातल्या पोरायले टीममधी घेतलं, तं कॉलेजनं काढलं तुमाले. आता आमी जितलो म्हनून पेपरवाले काढतीन.

गुणवंतराव : तुमचा काय दोष? विश्वास मला ठेवता आला नाही. लाज वाटते त्याची.

लालसू : घरी बाई आहेत, दोन पोरी आहेत. सर, आमी हळू खेळतो. कोनाले समजत नाई.

गुणवंतराव : मला समजेल.

लालसू : शिट्टी झाली. सांगा ना, काय करू?

गुणवंतराव : त्यांचा गोलकीपर उजव्या पायावर जोर देत नाही. तिकडेच मार, जमिनीलगत.