गाडीचा दुसरा मालक

हॅलो?… हॅलो, आई? अगं, तू आत्ता कशी काय?… नाही गं, झोपेत कशाला असेन, केव्हाची उठलेय. ऑफिसात आहे… लॅबमध्ये नाही, आज दात-बित काही नाही बनवायचे. गाड्यांच्या ऑफिसात. मोटरसायकल विकायला आलेय, काल नाही का सांगितलं?… हो, तीच. लाल. दुसरी कुठली आहे माझ्याकडे?

मोठ्याने बोल, इथे नंबर पुकारायचं यंत्र आहे, सारखं कोकलतंय…

काय?… नाही. नाही गं आई, गाडी विकतेय म्हणजे हा देश सोडून परत येतेय असं नाही होत… कोण म्हणालं?… तू तर पडदेसुद्धा धुवून ठेवलेस?… अगं ऐक ना. मोठी घ्यायची म्हणून ही विकतेय… मोठी म्हणजे मोठी! चढावर दमणार नाही अशी… पडले तर पडेन. मागे पडले तेव्हा कोण धावून आलं होतं? मीच उठले आणि मीच गाडी उचलली.

बरं, हे बघ, खिडकीतल्या बाई मला कधीही परत बोलावतील. पटकन सांग काय ते… काय केलंस?… पुन्हा सांग… कोणाकडे गेली होतीस?

आई!

त्याच्या घरी? तू? एकटी?… अगं पण का?… मी काल हसत हसत सांगितलं होतं तुला ते! बघ कशी गंमत झाली म्हणून सांगितलं… हो, ऑफिसने त्याची सही मागितली, हे खरं. पण पुढे मी काय म्हणाले? माझं मी बघते म्हणाले ना? मग?… जावईबापू म्हणू नकोस त्याला. होता, आता नाही. कोर्टाचा कागद तुझ्याच कपाटात आहे.

नाही, तुला ते नीट कळलंच नाहीये. मालक-बिलक नाहीये तो. परत सांगते, ऐक. इथल्या लोकांचं नाव दोन शब्दांचं. स्वतःचं आणि आडनाव, संपलं. आपलं तीन डब्यांचं. मी गाडी घेतली तेव्हा इथल्या खिडकीतल्या माणसाने माझं नाव वाचलं. माझं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. त्याला वाटलं ही दोन माणसं आहेत. नवरा-बायको जोडीने गाडी घेतायत! झालं, लिहून टाकले दोन मालक… मला कुठे कळलं तेव्हा? मला इथलं धड वाचता तरी येत होतं का? दोन ओळी दिसल्या. मला वाटलं, नाव लांबलचक आहे, म्हणून खालच्या ओळीत उतरलं असेल. वर्षानुवर्षं तो कागद गाडीच्या सीटखाली ठेवून फिरतेय मी. आता विकायला आले तर म्हणतात, दोन मालक, दोन सह्या आणा.

हो… हो, बदलायला हवं होतं नाव. माहितीये. पण आधी पासपोर्ट बदला, मग राहण्याचं कार्ड, मग लॅबचा परवाना… परक्या देशात नाव बदलणं म्हणजे पुन्हा जन्म घेणं आहे, आई. राहिलं ते भिजत घोंगडं. चुकलं माझं. पण म्हणून गाडी त्याची होत नाही!

एक मिनिट हं… काही नाही, गिऱ्हाईक विचारतंय, अजून किती वेळ. शेजारीच बसलाय. गिलाव्याचं काम करतो, बुटांवर सगळा चुना. अर्ध्या दिवसाचा खाडा करून आलाय बिचारा… नाही, आजच. आज नाही झालं तर दुसरीकडे एक बघून ठेवलीये त्याने. तोंडावर सांगितलंय तसं. सरळ माणूस आहे, मला आवडला. गाडीचा आवाज ऐकूनच म्हणाला, नीट ठेवलीये तुम्ही.

कागद?… सगळे आहेत गं. दंड बाकी नाही त्याचा दाखला, विमा, विजेचं बिल, कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स. इथल्या माणसाचं एका ओळखपत्रावर भागतं, आपल्याला एक कागद जास्त लागतोच. लागू दे. आणते मी. तेवढ्याने मी रडत नाही. फक्त तो एक कागद मी आणणार नाही, बस.

आलाय?… कुठे आलाय? माझ्या फोनवर?… थांब. तू म्हणतेस त्याने सही करून पाठवली पण? कधी?… थांब, बघते. कट नको करूस…

हं. आलाय… उघडतेय…

आई, तू वाचलंस हे?… नाही ना. मग मी वाचते, ऐक. ‘माझ्या पत्नीस माझी मोटरसायकल विकण्यास मी परवानगी देत आहे.’ खाली सही. एवढी लांबलचक, शेपटी थेट कागदाबाहेर… काय वाईट आहे म्हणजे? अगं, ‘माझ्या पत्नीस’ – चूक. ‘माझी मोटरसायकल’ – चूक. ‘परवानगी’! आणि ‘देत आहे’ – आजवर काही दिलंय का त्याने कोणाला?

आयत्या बिळावर नागोबा! जो माणूस इथे माझ्यासोबत राहत होता तोवर एकदासुद्धा मागच्या सीटवर बसला नाही… नाही बसला, आई, एकदाही नाही. बायकोच्या मागे बसलेला दिसेन म्हणून धो धो पावसात चालत घरी यायचा, आणि मग भिजल्याचा राग माझ्यावर काढायचा. तो आता परवानगी देतो!… हसतेस काय? मीही हसले असते. दातच घशात घालायला हवेत याचे. बनवून देईन आधी, चांगले मापात.

भांडत नाहीये मी तुझ्याशी… नाही, तुझा राग नाही आला… बरं, आलाय. थोडा आलाय. तू का गेलीस?… मला मदत म्हणून. हो, कळलं… मग? काय म्हणाला तुला?… ‘बघू’ म्हणाला? आणि तू?… बाहेरच्या खोलीत बसलीस… किती वेळ?… आई, किती वेळ?

आणि तो आत टीव्ही बघत होता.

पाणी तरी विचारलं?… नाही? साधं पाणीही नाही?

…

बाबांना माहितीये?… बाजारात जाते म्हणून सांगून गेलीस. बरं… नाही, मी नाही सांगणार… रडू नकोस. अगं ऐक ना, रडू नकोस. माझाच जीव तुटतो गं. माझ्यासाठी तू त्या माणसासमोर हात जोडलेस… जोडले नाहीत तर काय केलंस? ‘एवढं करा’ म्हणालीस ना?… तेच ते. माझ्या गाडीसाठी माझ्या आईने कोणाला ‘एवढं करा’ म्हणायचं नाही. गंजून गेली गाडी तरी चालेल मला.

थांब, थांब, बाई बाहेर आल्या… खिडकीतल्या. त्यांच्या साहेबांना विचारायला गेल्या होत्या. चष्म्याला साखळी आहे, खडूस दिसतात, पण नाहीयेत. मगाशी मला विचारत होत्या, तुमच्या नावात दुसऱ्याचं नाव कशाला? म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. तर म्हणाल्या, मग त्यांच्या नावात तुमचं असतं का?… तेच ना! मी आपली पिशवीत पेन शोधायला लागले.

आलेच! आई, फोन चालूच ठेव, मी खिडकीशी जाते.

…

हं. आई? ऐक. साहेब म्हणतात दोन रस्ते आहेत. एक, त्याची सही. फोनवरचा फोटोसुद्धा चालेल म्हणतात… हो, आहे ना, माझ्या हातातच आहे. इथे दाखवला की पाच मिनिटांत मोकळी. गिलावेवाला किल्ली घेऊन जाईल, मी घरी… कळतंय मला, आई. मला सगळं कळतंय.

दुसरा रस्ता, मी लिहून द्यायचं. ही दोन माणसं नाहीत, हे सगळं एकाच बाईचं नाव आहे, गाडी तिची एकटीची. राहण्याच्या कार्डावर पूर्ण नाव आहेच, ते जोडायचं. फक्त बाईंनी बजावलंय, लिहिलेलं खोटं निघालं तर कार्ड जाईल. म्हणजे… हो, म्हणजे इथून जावं लागेल.

खोटं कुठाय त्यात?… भांडला तर भांडू दे. ‘माझी मोटरसायकल’ लिहून दिलंय म्हणून घाबरतेस? त्याला म्हणावं, तिचा गिअर कुठल्या बाजूला आहे ते आधी सांग… अगं, लॅबमधून उशिरा सुटायचे, बस नसायची, तेव्हा मी ती घेतली. माझ्या कामावर. माझ्या गुडघ्यावर अजून तिची खूण आहे. ती सही मी इथे दाखवली ना, की कायमचं कागदावर येईल, अर्धी गाडी त्याची होती आणि त्याने मोठ्या मनाने सोडली. मी नाही दाखवणार… हट्ट म्हण. हट्टच आहे. नांदत होते तेव्हा मला हट्ट करता आला नाही, आता करते!

ऐक, तुझ्यासमोर पुसते तो फोटो… हो, तुझे कष्ट वाया जातायत, माहितीये. माफ कर. पण पुसतेय… गेला.

हॅलो?… आहेस ना?… आई?

बरं, मी लिहितेय हं. बोलत राहा तू. काहीही बोल.

बाईंनी कोरा कागद दिलाय… हो, इथल्याच भाषेत. आता येते चांगली, तेवढं तरी झालं एवढ्या वर्षांत… शेजारी गिलावेवाला वाकून बघतोय. बघू दे… हं. झालं लिहून… काय लिहिलं? वाचू?… ‘कार्डावरचं संपूर्ण नाव माझं एकटीचं आहे. ही मोटरसायकल मी घेतली, मी चालवली. तिला दुसरा मालक नाही.’

…

हॅलो?… ऐकलंस?… पुन्हा वाचू? का?… बरं. ‘…मी घेतली, मी चालवली. तिला दुसरा मालक नाही.’

मोठ्याने? अगं, इथे माणसं आहेत… बरं, बरं, वाचते. ‘तिला दुसरा मालक नाही!’… सगळे बघायला लागले ना आता. यंत्रसुद्धा गप्प झालं.

काय?… काय म्हणालीस?

…

‘नव्हताही’?

तू सांगतेस हे?… ‘नाही’ एवढं पुरत नाही, म्हणतेस. ‘नव्हताही’ लिही… आई, तू नक्की?… अगं, हो! हो, ओरडू नकोस, लिहिते! बाबा उठतील ना… उठू देत?

थांब, बाईंना विचारते, खाडाखोड चालते का… चालेल म्हणतात, बाजूला छोटी सही करा. हं, लिहितेय… ‘नाही. आणि… नव्हताही.’

लिहिलं, आई. तुझा शब्द घातला.

आता खाली सही. फोन खांद्यात धरलाय मी, पडला तर घाबरू नकोस… पूर्ण नाव कशाला, सही माझी नेहमीचीच, नुसतं माझं नाव आणि एक रेघ… हं…

झाली.

बाई शिक्का मारतायत… ऐकू आला?… तोच. दोनदा मारला… आता त्याची सही, गिलावेवाल्याची. जीभ बाहेर काढून करतोय, शाळेतल्या पोरासारखा.

रडतेस का हसतेस गं? एक काहीतरी कर… चल, ठेवते. खाली जाऊन किल्ली द्यायची आहे त्याला, आणि चोक कसा ओढायचा तेही दाखवायचंय, पहिल्या फटक्यात सुरू होत नाही ती… हो, करते संध्याकाळी. आणि ऐक, उठ, आधी पाणी पी. हो, माझ्यासमोर. मी थांबलेय… प्यालीस?… बरं. ठेव आता.