गुरुवारचं जेवण

नेब्रास्कातल्या त्या गावचा कॉलेज फुटबॉल संघ सलग अकरा सामने हरला होता. मैदानातल्या, चाळीस वर्षं दर हंगामाला पैसे भरून राखलेल्या आपल्या दोन जागा सोडून द्यायला म्हातारी ओपल धुक्यात तिकीट खिडकीच्या रांगेला उभी होती. पुढे दोन म्हातारे बोलत होते.

"प्रशिक्षक बदलून काय होणार, डेल्मर? पोरं वर्षभरात दुसऱ्या कॉलेजात पळतात."

"पळणारच. पूर्वी दर गुरुवारी आपल्या घरांत जेवायची."

"तुझ्याकडचा तो लांबुडका! अख्खी कोंबडी संपवायचा."

"अजून स्वप्नात दार वाजवतो माझं. ताट वाढेपर्यंत जाग येते बघ."

"तेव्हा हरले तरी शिव्या सुचायच्या नाहीत."

"जेवू घातलेल्या पोराला कोण देतं?"

ओपलचा नंबर आला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं,

"जागा सोडायच्यात ना, काकू?"

"राहू देत. गुरुवारी एक पोरगा जेवायला पाठव. चांगला भुकेला बघून पाठव."